खोकं दारात पोचेपर्यंत

फूड बँक, म्हणजे उरलेलं किंवा दान आलेलं अन्न गरजूंना फुकट वाटणारी संस्था, एका घराला जे खोकं देते त्याचा हिशेब आधी मांडू: चार माणसांचं घर आणि तीन दिवसांचं अन्न. आपत्तीच्या नियोजनात माणशी दिवसाला साधारण २१०० किलोकॅलरी धरतात. चार जणांचे तीन दिवस म्हणजे २५,२०० किलोकॅलरी. धान्य, पीठ, कडधान्य अशा कोरड्या जिनसांत १०० ग्रॅमला ३५० किलोकॅलरी मिळतात असं धरलं, तर सात-साडेसात किलोत काम भागायला हवं. पण नुसत्या कोरड्या शिध्यावर घर चालत नाही. डबाबंद भाज्या, फळं, दूध आलं की त्यातल्या पाण्याचं वजनही आलं. त्यामुळे ते खोकं भरून, चिकटपट्टी लावून काट्यावर ठेवलं की १२ ते १५ किलो भरतं.

आठवड्याला हजार कुटुंबं धरली तर १२ ते १५ टन झाले. माल रचायचा लाकडी पाट, म्हणजे पॅलेट, साधारण १२० बाय १०० सेंटिमीटरचं असतं. मध्यम आकाराची खोकी एका थरात नऊ बसतात, चार थरांच्या वर रचली तर खालची दबतात, म्हणजे एका पॅलेटवर ३६. हजार खोक्यांना २८ पॅलेटं लागली. त्यांच्याखालची जमीन फक्त ३४ चौरस मीटर आहे, पण पॅलेट उचलणाऱ्या फोर्कलिफ्ट गाडीला वळायला वाट लागते, माल उतरवायला मोकळी जागा लागते. हे धरलं की तयार खोक्यांनाच शंभर चौरस मीटर जातात. यात कच्चा माल अजून मोजलेला नाही, आणि तो खोक्यांपेक्षा जास्त जागा अडवतो.

हा हिशेब इतक्या बारकाईने मांडला, कारण कोविडच्या साथीत नगरपालिका आणि जिल्हा परिषदांसारख्या संस्थांनी जगभर फूड बँकांना पैसे दिले आणि त्यातले पुष्कळसे पैसे अडले ते याच जागी. मंजुरीच्या कागदावर लिहिलेलं असायचं ‘अन्नखरेदीसाठी’. गोदामाचं भाडं, डिझेल, पुठ्ठा, मजुरी हा सगळा ‘इतर खर्च’ ठरायचा, आणि इतर खर्चावर टक्केवारीची मर्यादा. मंजूर करणाऱ्यांची नियत वाईट नव्हती. लोकांचा पैसा लोकांच्या ताटातच जावा, हीच त्यामागची भावना होती. पण साथीत अन्न ताटापर्यंत नेणं हे अन्न विकत घेण्याइतकंच महाग काम झालं होतं, आणि मंजुरीच्या टेबलावर ते फार उशिरा उमगलं.

साथीआधी फूड बँकेचं अर्थकारण तीन फुकटच्या गोष्टींवर उभं होतं. दुकानांत आणि कारखान्यांत उरलेला माल, स्वयंसेवकांचे हात, आणि घेणाऱ्या माणसाने स्वतः येऊन आपल्याला हवं ते निवडून नेणं. १९६७ मध्ये ॲरिझोनातल्या फिनिक्समध्ये जॉन व्हॅन हेंगेल यांनी सेंट मेरीज फूड बँक सुरू केली, तेव्हापासून कल्पना हीच आहे: टाकून दिलं जाणार असं चांगलं अन्न गोळा करायचं आणि गरजूंपर्यंत न्यायचं. मार्च २०२० मध्ये हे तिन्ही आधार एकाच पंधरवड्यात खचले. लोकांनी साठेबाजी केली, दुकानांच्या फळ्या रिकाम्या पडल्या, तिथे शिल्लक माल कुठून येणार? बंद पडलेल्या हॉटेलांचा माल काही दिवस भरभरून आला, पण तो दहा-वीस किलोच्या गोण्यांत आणि नाशवंत, घरगुती खोक्यात न बसणारा. स्वयंसेवकांत निवृत्त माणसांचा भरणा मोठा होता. त्यांनाच सर्वांत जास्त धोका, म्हणून ते घरी थांबले. आणि गर्दी टाळायची म्हणून ‘या, निवडा, न्या’ हा प्रकार बंद करून आधीच भरलेली खोकी गाडीच्या डिकीत किंवा दाराशी ठेवायची पद्धत आली.

त्याच वेळी रांगा वाढल्या. ९ एप्रिल २०२० ला टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओत एका बाजाराच्या मैदानावर सुमारे दहा हजार कुटुंबांना अन्न वाटलं गेलं. आकाशातून घेतलेल्या फोटोत गाड्यांच्या ओळीच ओळी दिसतात. आधी नाव नोंदवलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त लोक त्या दिवशी आले होते.

भरलेलं खोकं द्यायचं म्हटलं की काम कसं बदलतं ते भरण्याच्या रांगेवर उभं राहून बघावं. खोक्यात वीस जिन्नस आहेत. दहा माणसं, प्रत्येकाने दोन जिन्नस टाकायचे. माणसांमध्ये दोन-दोन मीटरचं अंतर, म्हणजे टेबलांची ओळ वीस मीटर लांब झाली. वीस सेकंदांना एक खोकं पुढे सरकलं तर कागदावर तासाला १८० होतात. प्रत्यक्षात कुणाचा तरी ढीग संपतो, मागून माल येईपर्यंत अख्खी ओळ थांबते, एखादं खोकं तळाशी फाटतं. तासाला नव्वद-शंभर झाली तरी चांगली. हजार खोक्यांना दहा-अकरा तास लागले. ओळीतली दहा माणसं, माल पुरवणारी आणि पॅलेट लावणारी चार. सगळे मिळून दीडशे माणूसतास, आणि हे फक्त भरण्याचे. यातलं काहीच पूर्वी लागत नव्हतं, कारण निवडण्याचं आणि भरण्याचं काम नेणारा माणूसच करत होता. पुठ्ठाही विकत घ्यावा लागत नव्हता. दुकानातली रिकामी खोकी चालायची, किंवा माणूस आपली पिशवी घेऊन यायचा. आता एका मापाची नवी खोकी हवीत, कारण वेगवेगळ्या मापांची खोकी पॅलेटवर रचली की ट्रकच्या पहिल्या वळणावरच ती ढासळतात.

अमेरिकेत ओहायो, ॲरिझोना यांसारख्या राज्यांत नॅशनल गार्ड या राखीव सैन्यदलाचे जवान गोदामांत खोकी भरायला उभे केले, त्याचं कारण हेच. हातच नव्हते. जिथे जवान आले नाहीत तिथे मजुरीने माणसं घ्यावी लागली, आणि ‘फक्त अन्नासाठी’ असलेल्या अनुदानातून मजुरी निघत नव्हती. मग काही ठिकाणी गोदामात माल पडून आणि बाहेर माणसं उभी, अशी अवस्था झाली. फेडरल, म्हणजे केंद्र सरकारने मे २०२० पासून वर्षभर भाजी, दूध, मांस यांची खोकी शेतमाल कंपन्यांकडून घेऊन वाटायला दिली, तेव्हाही शेवटच्या टप्प्याचा प्रश्न तसाच राहिला. खोकं आयतं यायचं खरं, पण ते थंड ठेवायचं कुठे आणि पुढच्या गावात न्यायचं कोणाच्या गाडीने, हे स्थानिक माणसांनाच निस्तरावं लागलं.

आता पैशाच्या वाटेकडे येऊ. इंग्लंडमधली फूड बँक म्हणजे बहुधा चर्चच्या किंवा समाजमंदिराच्या खोलीत चालणारी, थेट माणसाच्या हातात पिशवी देणारी छोटी संस्था. अमेरिकेत फूड बँक म्हणजे मोठं कोठार. ते खालच्या शेकडो छोट्या वाटप केंद्रांना माल पुरवतं. दोन्हींना एकच नाव असल्याने धोरणाच्या चर्चेत घोळ होतो. कोठाराकडे हिशेबनीस असतो, लेखापरीक्षक असतो, बँकेत थोडी गंगाजळी असते. समाजमंदिरातल्या संस्थेकडे एक वही आणि एक उत्साही खजिनदार. दोघांना एकाच नमुन्यातला करार देणं हा अन्याय आहे, आणि पुष्कळ ठिकाणी तो झाला.

इंग्लंडमध्ये जून २०२० मध्ये केंद्र सरकारने स्थानिक कौन्सिलांना, म्हणजे तिथल्या पालिकांना, अन्न आणि गरजेच्या वस्तूंसाठी ६ कोटी ३० लाख पौंड जाहीर केले. बहुतेक रक्कम बारा आठवड्यांत खर्च व्हावी अशी अपेक्षा होती. त्याच हिवाळ्यात १७ कोटी पौंडांचं दुसरं अनुदान आलं, डिसेंबर २०२० ते मार्च २०२१ साठी. त्यातले किमान ८० टक्के मुलं असलेल्या कुटुंबांवर आणि किमान ८० टक्के अन्न, वीज-गॅस, पाणी यांवर खर्च व्हायला हवेत, अशी अट होती. मग ऑक्टोबर २०२१ मध्ये ४२ कोटी १० लाख पौंडांचा हाउसहोल्ड सपोर्ट फंड (कुटुंबांच्या मदतीचा निधी) आला, पुन्हा मार्चअखेरपर्यंत. रकमा लहान नव्हत्या, पण मुदती बघा. बारा आठवडे, चार महिने, सहा महिने. एवढ्या मुदतीवर कोणी गोदाम भाड्याने देत नाही, थंड खोली बसवून देत नाही, चांगला ट्रकचालक नोकरी सोडून येत नाही. त्यामुळे खर्च वळला तो लगेच उरकता येणाऱ्या गोष्टींकडे, म्हणजे दुकानांच्या व्हाउचरांकडे. व्हाउचर वाईट नाही. उलट माणसाला स्वतः निवडता येतं, त्याचा मान राहतो. ज्याच्या आसपास चालू दुकान आहे आणि जो घराबाहेर पडू शकतो, त्याच्यासाठी मी व्हाउचरच निवडेन. पण विलगीकरणात अडकलेल्या घराला ते निरुपयोगी. तिथे खोकंच लागतं, आणि खोक्याची व्यवस्था बारा आठवड्यांत उभी राहत नाही.

अमेरिकेत २७ मार्च २०२० च्या केअर्स या साथीतल्या मदतीच्या कायद्याने राज्यं आणि स्थानिक सरकारांसाठी १५० अब्ज डॉलर ठेवले. पाच लाखांपेक्षा जास्त लोकसंख्येच्या शहरांना आणि काउंट्यांना (आपल्या जिल्ह्यांसारखे भाग) थेट पैसे घेता येत होते. त्याहून लहान गावांना राज्याच्या तोंडाकडे बघावं लागलं. अटी तीन. खर्च साथीमुळेच झालेला हवा. २७ मार्चला मंजूर असलेल्या अर्थसंकल्पात तो आधीच धरलेला नसावा. आणि १ मार्च ते ३० डिसेंबर २०२० या काळातलाच हवा. दुसरी अट वाचायला निरुपद्रवी वाटते, पण तिने प्रामाणिक पालिकांची पंचाईत केली. जी पालिका वर्षानुवर्षं आपल्या अर्थसंकल्पात फूड बँकेला पैसे ठेवत होती, तिला तो नेहमीचा भाग या निधीतून घेता येईना. फक्त वाढीव खर्च घेता येई. ‘वाढीव’ सिद्ध करायला आदल्या वर्षाचा महिनावार हिशेब लागतो. तो ज्यांच्याकडे होता त्यांचं निभावलं.

तिसरी अट मात्र जिवाला घोर लावणारी. ३० डिसेंबरची मुदत वाढवण्याच्या कायद्यावर सही झाली २७ डिसेंबरला. तीन दिवस आधी! तोवर नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये हाती उरलेला पैसा परत जाऊ नये म्हणून मिळेल तो माल मिळेल त्या भावात घेण्याची धावपळ होऊन गेलेली होती. एका आठवड्यात तीन महिन्यांचा माल कोठारावर येऊन आदळला की पहिल्यांदा जागा संपते. मग माल मिळेल तिथे रचला जातो, आधी आलेला मागे दबतो, नंतरचा पुढे राहतो आणि पुढचाच उचलला जातो. दोन महिन्यांनी मागचं पॅलेट उघडावं तर त्यावरची तारीख उलटलेली. डबाबंद मालावरची ‘या तारखेपूर्वी उत्तम’ ही तारीख गुणवत्तेची असते, ती गेली म्हणून डबा विषारी होत नाही. पण ‘या तारखेपूर्वी वापरा’ असं असेल तर तो माल द्यायचा नाही, एवढं साधं. शिक्क्यांतला हा फरक नव्या मजुरांना पहिल्याच दिवशी शिकवला नाही, तर चांगलं अन्न कचऱ्यात जातं किंवा धोक्याचं अन्न खोक्यात.

संस्था मुदतीपेक्षाही जास्त थकल्या त्या ‘आधी खर्च करा, मग बिल द्या’ या पद्धतीने. याचा हिशेब मांडल्याशिवाय त्याची तीव्रता कळत नाही. संस्थेचा महिन्याचा खर्च १०० धरा. १ जूनपासून खरेदी सुरू. जूनचं बिल १० जुलैला सादर. छाननीला तीस दिवस, म्हणजे १० ऑगस्ट. रक्कम जमा व्हायला आणखी पंधरा दिवस. २५ ऑगस्टला पहिला पैसा हाती येतो तेव्हा संस्थेने २८० खर्च केलेले असतात. मधे एका पावतीवर शंका निघाली आणि फाइल परत आली की तीस दिवसांचं घड्याळ पुन्हा शून्यापासून, आणि आकडा ३८० वर. पावतीवर तारीख पुसट आहे, ट्रकच्या भाड्याला तीन कोटेशनं जोडलेली नाहीत, पुरवठादाराचं नाव मागणीपत्रात एक आणि बिलावर दुसरं, अशा कारणांनी फाइल परत येते. कारकून आपलं काम चोख करत असतो, पण तोवर फूड बँकेच्या खात्यात खडखडाट झालेला असतो.

यावर उपाय म्हणून २५ टक्के आगाऊ रक्कम देतात. सहा महिन्यांच्या ६०० च्या करारात २५ टक्के म्हणजे १५०. गरज २८० ची. निम्म्या वाटेवरच दोर संपला. अशा कराराला निम्मी रक्कम आधी द्यावी, तिसऱ्या महिन्याअखेर हिशेब तपासावा आणि मग उरलेली द्यावी. पालिकेला भीती असते पैसा बुडण्याची. ती रास्त आहे, पण तिची तजवीज वेगळ्या मार्गाने करता येते: निधीसाठी स्वतंत्र बँक खातं, दोन सह्या, आठवड्याला साठ्याचा ताळा. खोक्यांचा हिशेब नोटांपेक्षा सोपा असतो. आलेला माल वजा गेलेला माल म्हणजे फळीवरचा माल. तो जुळत नसेल तर दोनच आठवड्यांत कळतं, सहा महिने थांबावं लागत नाही.

आपत्ती व्यवस्थापनाच्या वाटेने येणाऱ्या पैशाचं आणखी एक त्रांगडं. अमेरिकेत फेमा या केंद्र सरकारच्या आपत्ती संस्थेकडून अन्नवाटपाचा खर्च भरून मिळत होता, पण अर्ज सरकारी यंत्रणेने करायचा आणि फूड बँकेशी तिने करार करायचा. सुरुवातीला केंद्राचा वाटा ७५ टक्के होता. उरलेल्या २५ टक्क्यांसाठी पालिका राज्याकडे, राज्य पालिकेकडे बोट दाखवी. फेब्रुवारी २०२१ मध्ये तो वाटा १०० टक्के झाला, आणि तोही जानेवारी २०२० पासूनच्या खर्चाला लागू. पण ज्या छोट्या गावांनी २५ टक्के कुठून आणायचे म्हणून २०२० च्या उन्हाळ्यात अर्जच केला नाही, त्यांचा तो उन्हाळा तर निघून गेला होता. शिवाय फेडरल पैसा वर्षाला साडेसात लाख डॉलरच्या वर खर्च केला की त्या काळच्या नियमाने संस्थेला विशेष लेखापरीक्षण करून घ्यावं लागे. आयुष्यात प्रथमच ती रेषा ओलांडलेल्या कित्येक संस्थांच्या अंदाजपत्रकात त्या ऑडिटच्या फीसाठी रकानाच नव्हता.

एक गोष्ट मला मनापासून खटकते, ती म्हणजे मोजण्याची रीत. अहवालात ‘इतकी खोकी’ लिहायचं आणि भाषणात ‘इतकी कुटुंबं’ म्हणायचं. चार आठवड्यांत हजार खोकी म्हणजे हजार घरं एकेकदा, की अडीचशे घरं चार-चारदा? पहिल्या चित्रात अडचण रुंद आहे, दुसऱ्यात खोल. पहिल्यासाठी वाटपाच्या जागा वाढवायला हव्यात, दुसऱ्यासाठी त्या घरांना भाड्याची, नोकरीची, औषधाची मदत हवी. हे वेगळं काढायचं तर घर ओळखता यावं लागतं, आणि इथे उलटी चूक होते. ओळखपत्र, पत्ता, उत्पन्नाचा दाखला मागायला लागलं की रांगेतली सर्वांत गरजू माणसं गुपचूप निघून जातात; ज्यांचे कागद अपुरे आहेत ती तर पहिल्यांदा. एवढी माहिती लागतच नाही. घरात माणसं किती, त्यातली मुलं किती, राहण्याचा भाग कुठला, आणि पहिल्या दिवशी हातात दिलेलं एक क्रमांकाचं कार्ड. पुढच्या वेळी तोच क्रमांक लिहायचा, नाव विचारायचंच नाही. पालिकेच्या तक्त्याला लागणारे सगळे आकडे यातून निघतात. करार करतानाच ‘याहून जास्त माहिती मागणार नाही’ असं लिहून घेतलं पाहिजे, कारण नंतर कुठलं तरी खातं नवा रकाना वाढवून पाठवतंच.

आणि थंड खोलीचं काय करायचं, हे कोणी आधी ठरवत नाही. साथीच्या पैशातून पुष्कळ ठिकाणी चालत आत जाता येईल अशा थंड खोल्या बसल्या. चांगलंच झालं. ताजी भाजी, दूध, अंडी ठेवायची तर ५ अंशांच्या खाली, गोठवलेला माल उणे १८ ला. पण ही खोली दिवसरात्र वीज खाते. दाराचं रबर वर्षा-दोन वर्षांत सैल पडतं, मग थंडी बाहेर झिरपते, कॉम्प्रेसर न थांबता चालत राहतो आणि एका शनिवारी रात्री बंद पडतो. सोमवारी सकाळी दार उघडेपर्यंत आतला सगळा माल फेकायचा झालेला असतो. तापमान घसरलं-चढलं की फोनवर संदेश पाठवणारं छोटं यंत्र त्या खोलीच्या किमतीपुढे किरकोळ असतं, पण मंजूर यादीत ते नसलं की घेतलं जात नाही.

अनुदान ३१ मार्चला संपतं. वीजबिल एप्रिलमध्येही येतं. खोली कुणाच्या मालकीची, तिची दुरुस्ती कोण करणार, पुढची तीन वर्षं विजेचा खर्च पालिकेच्या कुठल्या लेखाशीर्षातून निघणार, आणि फूड बँक बंद पडली तर ती खोली कोण उचलून नेणार, या चार ओळी खरेदीच्या आदेशावर सही होण्याआधी करारात असाव्यात. नसतील तर ती सही थांबवावी.